हा चार्जर थांबते का?

दुकानात आल्यावर ती आधी चपला पायरीखाली काढायची, मग काउंटरवर जे काही यंत्र ठेवलेलं असेल त्यावर तळहात ठेवायची आणि विचारायची, "हे थांबते का?"

पंखा असो, मोटार असो, इस्त्री असो. चालते का, किती दिवस चालते, असं विचारणारी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. थांबते का, असं विचारणारी मी तरी दुसरी पाहिली नाही. तिचं म्हणणं असं की सुरू काय, काहीही करता येतं. भाषण, लग्न, भांडण, सुरू करायला काही लागत नाही. वेळेवर थांबणारी वस्तू मिळाली तर घ्यावी. एकदा घाटंजीच्या स्टँडवर तिनं यवतमाळ बसच्या ड्रायव्हरलाही हेच विचारलेलं मी ऐकलं आहे. तो बिचारा रस्त्यातल्या गावांची नावं सांगत बसला.

ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागेची. घाटंजीच्या बाजारओळीत विजेच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथे मी काउंटरवर होतो. वीज गावात नवी होती, त्यामुळे आम्हाला भाव होता आणि तो आम्ही मनसोक्त खाऊन घेत होतो.

गाव तिला भोंगेवाली म्हणायचं. छप्पनच्या दसऱ्याला तिची वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली. मग वस्तीत सभा होऊ लागल्या, पौर्णिमा होऊ लागल्या, आणि गावातला मंडपवाला आपला भोंगा काही त्यांच्याकडे पाठवेना. कधी भोंगा दुरुस्तीला गेलेला असे, कधी माणूस रिकामा नसे. शेवटी वस्तीनं वर्गणी करून स्वतःचा भोंगा, माईक आणि अॅम्प्लिफायर आणला. आणला खरा, पण त्याला हात कोण लावणार? ही बाई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, दिवसभर यंत्रांच्या धडधडाटात उभी राहायची. ती म्हणाली, "आना इकडे. करंट का मले खाते?" तेव्हापासून सामान तिच्या घरी राहू लागलं.

नवऱ्याकडे भोंगा झाडावर बांधायचं काम. सडपातळ, अबोल माणूस. कडुनिंबावर सरसर चढायचा, भोंगा बांधायचा आणि पुष्कळदा कार्यक्रम संपेपर्यंत वरच बसून राहायचा. ती खालून सांगायची, "अवो, नाल्याकडे फिरवा थोडा." तो निमूटपणे फिरवायचा. "आमचा मानूस वर अन् मी खाली," ती मला म्हणाली होती, "लगन झाल्यापासून आमच्या घरात पह्यल्यांदा कामाची बरोबर वाटनी झाली."

आसपासच्या खेड्यांत तेव्हा विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या. भोंगा बॅटरीवर चालायचा, आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

एका वैशाख पौर्णिमेला दोन-तीन कोसांवरच्या गावात पाच-सहा वस्त्यांची मिळून सभा होती. पाहुणे बोलायला उभे राहिले, अर्धा तास बोलले आणि भोंगा मुका झाला. पाहुण्यांचे ओठ हलताना दिसत होते, हातही वर-खाली होत होता, पण शब्द पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. नाल्यापलीकडे गावातले काही लोक मजा पाहायला बसले होते. तिकडून कुणीतरी ओरडलं, "संपली का रे वर्गणी?" आणि हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी ती आणि नवरा बॅटरी घेऊन दुकानात आले. वणीकडच्या एका कोळशाच्या ट्रकमधून उतरवलेली बॅटरी होती ती, आणि स्टँडजवळच्या एका गॅरेजात ती भरून मिळायची. मी झाकणं उघडून आत डोकावलो. पट्ट्यांवर पांढरा थर चढला होता.

"पाणी कोणतं घालता बाई?"

"इस्टीलचं."

"कशाचं?"

"इस्टीलचं. गॅरेजवाल्यानं सांगतलं ना, बॅटरीले साधं पानी चालत नाई, इस्टील पानी पायजे. म्हनून मी इस्टीलच्या तांब्यातलंच घालतो."

मला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. तिच्या भावानं नागपूरहून तिला स्टीलचा तांब्या आणून दिला होता. वस्तीतलं ते स्टीलचं पहिलं भांडं. ती संध्याकाळी त्यात विहिरीचं पाणी भरायची, वर झाकण ठेवायची आणि सकाळी ते बॅटरीला पाजायची. घरात त्या तांब्याला कुणाला तोंड लावू देत नसे. डिस्टिल्ड वॉटरचं गॅरेजपासून घरी पोचेपर्यंत इस्टील पाणी झालं होतं, आणि विहिरीचं खारं पाणी मोठ्या मानानं बॅटरीच्या पोटात जात होतं.

मी हसलो. चांगला खो खो हसलो. तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली. ती मात्र माझं हसणं ओसरेपर्यंत उभी राहिली, मग तांब्याचा सगळा इतिहास तिला आठवला असावा, कारण तीही हसायला लागली. "अवो, पाह्यलं का," ती नवऱ्याला म्हणाली, "आपन मातीच्या गाडग्यातून प्यालो अन् हे बॅटरी इस्टीलमधून प्याली." पुढे ती दुकानात येऊन सरळ "इस्टीलच्या पान्याची शिशी द्या" म्हणायची. तिचं ऐकून इतर गिऱ्हाइकंही म्हणू लागली. वर्षभरात मीच मालकांना 'इस्टीलचं पाणी संपलं' असं सांगू लागलो.

पण त्या दिवशी हसून झाल्यावर ती काउंटरपाशी आली आणि हळू आवाजात बोलली. वस्तीचे एक म्हातारे पंच होते. त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. त्यांनी तिला सांगितलं होतं, "सूनबाई, एक डाव झालं ते झालं. पुढच्या वैशाखात असंच झालं तं सामान मंडपवाल्याच्या दुकानी ठेवू. त्याले समजते त्यातलं. लागन तवा आपन मांगून आनू."

"आपलाच भोंगा मांगाले त्याच्या दारी जाचं, भाऊ," ती म्हणाली. "ज्यानं आमाले कधी दिला नाई, त्याच्या दारी. मले सांगा काय काय लागते. मी आनतो."

मग मी तिला जरा शिकवलं. ट्रकच्या बॅटरीतल्या पट्ट्या पातळ असतात. इंजिनाला एक जोराचा धक्का द्यायचा, की तिचं काम संपलं. पुढे इंजिनच तिला भरून काढतं. भोंग्याचं तसं नाही. तो तासन् तास थोडं थोडं ओढत राहतो आणि बॅटरी पार तळाला नेतो. पातळ पट्ट्या ते दर वेळी सोसत नाहीत. त्याला जाड पट्ट्यांची बॅटरी हवी, रेल्वेच्या डब्यात दिव्यांसाठी असते तशी. अशा जुन्या बॅटऱ्या लिलावात निघत. ती नवऱ्याला घेऊन वणीला गेली आणि एका भंगारवाल्याकडून लाकडी पेटीत बसवलेली तसली बॅटरी बसच्या टपावर घालून घेऊन आली. बारशा-साखरपुड्यासारख्या लहान कामासाठी तिनं ट्रकची एक चांगली बॅटरीही आणली. आता या दोघींना भरणारा चार्जर हवा होता, आणि तो निवडायला तिनं आमचा अख्खा पावसाळा खाल्ला.

दर बाजाराला यायची. आमच्याकडे दोन चार्जर होते. एक मोठा, ट्रकवाले घेत तो. दुसरा डब्याएवढा, पुढे एक काटा आणि कमी-जास्त करायला एक बटण. मालकांना मोठा खपवायचा होता.

"हे घ्या बाई. दोन घंट्यांत बॅटरी तय्यार."

तिनं मोठ्यावर हात ठेवला. "हा चार्जर थांबते का?"

"थांबते ना. हे घड्याळ लावा, टाइम झाला की आपोआप बंद."

"घड्याळ थांबते, शेटजी. पन बॅटरीचं पोट भरलं का नाई, हे घड्याळाले कोन सांगते?"

आमचे मालक विक्रीत पटाईत होते, पण उत्तर नसलं की ते माझ्याकडे पाहत. या वेळीही पाहू लागले.

मी म्हटलं, लावूनच दाखवतो. तिनं त्या दिवशी बरोबर आणलेली पेटी मोठ्या चार्जरला जोडली. काटा झटकन वर गेला, थोड्या वेळानं बॅटरीत बुडबुडे उसळू लागले. तिनं पेटीतल्या बॅटरीला हात लावला. "ताप भरला इले. काढा." ती पुरती निवल्यावर मी लहान चार्जर जोडला आणि बटण कमीवर ठेवलं. ती पायरीवर बसली. भाकरीचं फडकं सोडलं, जेवली, पाणी प्याली, आल्या-गेल्याशी बोलली, पण डोळा काट्यावरून हलवला नाही. दुपार टळून गेली. काटा हळूहळू, कुणी हात न लावता, खाली येत होता.

"काहून उतरून राह्यला तो?"

"बॅटरी भरत आली की ती आतून अडवते. मग हा कमी कमी देतो. पण पूर्ण बंद होत नाही हां. काटा खाली येऊन ठरला, की तारा आपणच काढायच्या."

"म्हंजे हे बॅटरीचं आयकते. अन् थांबवनं आपल्या हाती."

"हो."

"मंग हेच द्या."

मालकांनी शेवटचा प्रयत्न केला. "बाई, याला पुरा दिवस लागंन."

"लागू द्या. पौर्णिमा कुठं पळून जाते?"

वस्तीत मात्र चार्जर पाहून लोकांची तोंडं उतरली. एवढ्या वर्गणीचं सामान आणि त्याला ही डबी? पंचांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि बाजूला सारली. ते तिला फार लागलं असावं, कारण त्या आठवड्यात ती माझ्याशीही धड बोलली नाही.

तिचं घर तारांच्या शेवटच्या खांबापाशी होतं. मी एका रविवारी पाहायला गेलो तर काय पाहावं? थंडीचे दिवस म्हणून तिनं बॅटरीला गोधडी गुंडाळली होती, चार्जरवर टॉवेल टाकला होता, आणि हे सगळं चुलीपासून हातभर अंतरावर मांडलं होतं. मी जाम भडकलो. बॅटरी भरताना गॅस निघतो, तो पेट घेतो, घर उडेल, असं बरंच बोललो. तिनं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा गोधडी गेली होती, टॉवेल गेला होता, पण बॅटरी जागची हलली नव्हती. तिनं चूल उचलून अंगणात नेली होती.

दुसरा घोळ मात्र मलाही लवकर कळला नाही. संध्याकाळी गावात दिवे लागले की तिच्या घरचा बल्ब लाल व्हायचा, इतका करंट कमी पडायचा. तेव्हा चार्जरचा काटाही खाली येई. ती समजायची, भरली बॅटरी, आणि तारा काढून टाकायची. अर्धपोटी बॅटरी लग्नाला जाऊन मधेच धापा टाकायची. एकदा असं झालं, दुसऱ्यांदा झालं, आणि वस्तीत कुजबूज सुरू झाली. मग मी तिला काचेची नळी दिली, बॅटरीतलं पाणी ओढून पाहायची. आत एक बोंडी तरंगते. बॅटरी भरलेली असली तर बोंडी वर राहते, नाही तर बुडते. ती नळीला थर्मामीटर म्हणायची. "काटा दबावात येऊन खोटं बोलते," ती मला सांगू लागली, जणू मला हे पहिल्यांदाच कळत होतं, "थर्मामीटर नाई बोलत." संध्याकाळी भरणं तिनं बंदच केलं. जिनिंगच्या पाळ्या बदलून घेतल्या आणि दिवसा घरी राहून बॅटरी भरू लागली.

वैशाख पौर्णिमा त्याच गावात, त्याच नाल्याकाठी होती. मी गेलो. तिनं बोलावलं म्हणून गेलो, आणि खरं सांगायचं तर चार्जर माझ्या हातचा होता म्हणूनही गेलो. उन्हं कलल्यावर सभा सुरू झाली. नवरा कडुनिंबावर. ती खाली सतरंजीवर, समोर अॅम्प्लिफायर, शेजारी रेल्वेची पेटी. नाल्यापलीकडे लोक येऊन बसले होते. गेल्या वर्षीपेक्षा जास्तच आले होते.

पाहुणे बोलले. अर्धा तास झाला तसे पंच सतरंजीकडे पाहू लागले. तिनं वर पाहिलंच नाही. पाहुण्यांचं संपलं, दुसरे उठले, त्यांचं ऐकून तिसऱ्यांनाही बोलावंसं वाटलं. माणसाला भोंगा चांगला लागला की आपले विचारही चांगले वाटू लागतात. चांदणं पडलं. नाल्यापलीकडचे लोक एकेक करून उठून गेले, कारण हसायला काही मिळेना.

शेवटी पंच म्हणाले, "झालं. बंद कर सूनबाई."

तिनं पेटीवर हात ठेवला, अॅम्प्लिफायरचा लाल दिवा पाहिला. "मामाजी, अजून हाये बॅटरीत."

"असू दे."

"तं बायांले बोलू द्या."

वस्तीतल्या बायांनी त्या माईकमध्ये आजवर शब्द उच्चारला नव्हता. वर्गणीत त्यांच्या कापूस वेचणीची मजुरी होती, पण बॅटरी पुरत नाही, हे कारण दर वेळी सगळ्यांना पुरत आलं होतं. आज ते उरलं नव्हतं. पंच काहीच बोलले नाहीत. तिनं त्याचा सोयीचा अर्थ घेतला आणि माईकचा दांडा बायांकडे वळवला.

बाया पदरात हसू लागल्या. काय बोलायचं? "भाषन नोको," ती म्हणाली. "नाव सांगा आपलं अन् माहेर सांगा. बस."

एक धीट पोरसवदा बाई पुढे झाली. "मी कौसल्या. माहेर पांढरकवडा." भोंग्यातून स्वतःचा आवाज आलेला ऐकून ती दचकली आणि पळाली. मग दुसरी आली. मग रांगच लागली. मी शेवंता. मी यशोदा, माहेर फुलसावंगी. एक खूप म्हातारी बाई आली, तिला सगळे रामाची माय म्हणायचे. ती म्हणाली, "मी गिरजा," आणि माहेर सांगायचं विसरून तशीच उभी राहिली. तिची सून माझ्या पुढेच बसली होती. शेजारणीला म्हणाली, "बुढीचं नाव गिरजा हाये, मले आज समजलं." चांदण्यात ती नावं नाल्यापलीकडे, कापसाच्या रिकाम्या वावरांवरून लांबपर्यंत जात होती.

रांग संपत आली तेव्हा लाल दिवा मंद झाला. तिनं तो पाहिला. शेवटच्या बाईचं नाव होऊ दिलं आणि खटका दाबून सगळं बंद केलं.

"अवो बाई," बाया म्हणाल्या, "तुमचं राह्यलं ना."

"राहू द्या. इथं थांबली तं उद्या पुन्हा उठते हे. आनखी ओढलं तं मरते."

"एक नाव तं घ्याचं होतं. त्याले कितीक लागते?"

"माह्यं नाव तुमाले ठाऊक हाये," ती म्हणाली आणि तार गुंडाळू लागली.

सामान बैलबंडीवर चढवताना पेटीच्या एका बाजूला पंचांनी स्वतः हात लावला. त्या वयात ते ओझं त्यांना झेपण्यासारखं नव्हतं. पेटी वर ठेवल्यावर धाप आवरत त्यांनी विचारलं, "उतरवाची कुठं? तुह्याच घरी ना?" ती हो म्हणाली. त्यानंतर हा विषय वस्तीत पुन्हा निघाला नाही.

पुढची वर्षं तिचा भोंगा सगळीकडे वाजला. लग्नांत, सभांत, निवडणुकांत. मंडपवालाही आपली बॅटरी भरायला तिच्याकडे पाठवू लागला. ती त्याच्या बॅटरीवरही हात ठेवून ताप पाहायची आणि ठणठणीत भरून द्यायची. हळूहळू खेड्यांत तारा गेल्या आणि भोंगे सरळ विजेवर चालू लागले. वस्तीत एक भोंगा कायमचा खांबावर बसला. तरी ती दुकानात यायची, नव्या आलेल्या वस्तूंवर हात ठेवायची. तिच्या प्रश्नाला उत्तर देता यावं म्हणून मी नवा माल आला की आधी तो थांबतो कसा, हे पाहून ठेवायचो. ती सवय मला धंद्यात फार उपयोगी पडली.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. ती आजारी पडली, यवतमाळच्या दवाखान्यात राहून परत आली, असं कानावर होतं. जायचं जायचं म्हणत माझं राहून गेलं. एका बाजाराच्या दिवशी, सकाळी गर्दी भरत असताना वस्तीकडचा भोंगा खरखरला. मग एक पुरुषाचा आवाज आला. घाबरा, माईकच्या फार जवळून बोलणारा. मला तो ओळखू आला नाही, कारण त्या माणसाला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलंच नव्हतं. तिचा नवरा होता तो.

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. त्यानंही जन्मभर अवो-काओवरच भागवलं होतं. त्या सकाळी त्यानं माईकवर तिचं पूर्ण नाव घेतलं, ती गेली म्हणून सांगितलं, माती किती वाजता द्यायची ते सांगितलं. आणि शेवटी त्यानं ते नाव पुन्हा एकदा घेतलं.

बाजारात लोक एकमेकांना विचारू लागले, कोण गेलं, कोण बाई ही? नावावरून कुणालाच उमगेना. मलाही ते नाव नवंच होतं, पण मी आवाजाच्या दिशेनं ओळखलं. पायरीवर येऊन मलाच सांगावं लागलं, की भोंगेवाली गेली.